कामासाठीचा फोटो: खर्च करावा का, आणि फोटोग्राफर कसा निवडावा?

मेधा_नाशिक

नमस्कार मंडळी,

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी बचत गट आणि महिला पतसंस्थांसाठी आर्थिक साक्षरतेची प्रशिक्षणं घेते. बोलावणं आलं की पाठोपाठ दोन गोष्टी मागतात: परिचयाच्या चार ओळी आणि "मॅडम, एक चांगला फोटो पाठवा." परिचय तयार असतो. फोटो मात्र घरच्या एखाद्या कार्यक्रमातला, आजूबाजूची माणसं कापलेला असा जातो. तोच पत्रिकेवर, तोच फ्लेक्सवर, तोच दुसऱ्या दिवशी पेपरात.

आता लिंक्डइनवरही खातं उघडलंय आणि छोटी वेबसाईट करून घेतेय. विषय पैशांचा आहे. समोरच्या बायका आयुष्यभराची बचत कुठे ठेवायची हे मला विचारतात. त्यांना मी सगळ्यात आधी दिसते ती त्या फ्लेक्सवर. म्हणून माझं मत असं झालंय की कामासाठी नीट, मुद्दाम काढून घेतलेला फोटो हवाच. घरच्यांना हा खर्च वायफळ वाटतो. "मोबाईलवर काढू की!" म्हणतात.

तुम्हाला काय वाटतं? आणि काढायचाच तर फोटोग्राफर कसा निवडायचा? इथे स्टुडिओ पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या पानावर लग्नं, प्री-वेडिंग आणि बारशी. आमच्यासारख्यांचे फोटो कोण चांगले काढतो ते कळायचं कसं?

सदाफुली

काढाच. आमच्या गटाचं फेडरेशन प्रशिक्षकांची यादी फोटोसकट छापतं. ज्यांचा फोटो स्पष्ट असतो त्यांना गावात उतरल्यावर बायका लगेच ओळखतात, "त्याच ना तुम्ही?" म्हणून जवळ येतात. परक्या गावात ही फार मोठी गोष्ट असते.

कोकणकडा

मी थोडा विरोधी सूर लावतो. मेधाताई, तुमचं काम चोख असेल तर लोक ऐकून ऐकून बोलावतात. फोटोला इतकं महत्त्व दिलं की दिसण्याला महत्त्व येतं, आणि मग वय, रंग, कपडे यांवरून माणसं निवडली जातात. नोकरीच्या अर्जावर फोटो मागण्याला माझा कायमचा विरोध आहे. तो मागायचा कशासाठी? हिशेब तपासायला चेहरा लागत नाही.

विदर्भकन्या

कोकणकडा, अर्जाबाबत सहमत. मी जर्मनीत स्टुटगार्टला असते. इथे बायोडेटाच्या कोपऱ्यात स्टुडिओत काढलेला फोटो लावायची जुनी पद्धत आहे, आणि खास अर्जासाठीचे फोटो काढणारे स्टुडिओ अजून जागोजाग आहेत. पण २००६ साली समान वागणुकीचा कायदा आल्यापासून फोटोचा आग्रह धरणं कंपन्यांना अडचणीचं झालं. फोटो लावणं आता उमेदवाराच्या मर्जीवर. अमेरिका-ब्रिटनमध्ये तर बायोडेटावर फोटो लावूच नका असं सांगतात.

मेधाताईंचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्या कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभ्या नाहीत. त्यांचं नाव, त्यांचा चेहरा हीच त्यांच्या सेवेची पाटी आहे. डॉक्टर, वकील, प्रशिक्षक, लेखक, कलावंत, सगळ्यांचं हेच.

छायाप्रकाश

कोल्हापुरात माझा स्टुडिओ आहे, आधी वडील चालवायचे. लग्नंही करतो, पण जीव रमतो तो व्यक्तिचित्रांत. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी "मोबाईलवर काढू की" बद्दल. मोबाईलचा कॅमेरा वाईट नसतो, अंतर वाईट असतं. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची. चौकटीत चेहरा भरायचा तर जवळ जावं लागतं, आणि जवळून नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. २०१८ साली अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात याचा हिशेब मांडला होता: पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून आम्ही ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स लावून सहा-सात फूट लांब उभे राहतो. मोबाईलवरच काढायचा असेल तर दुपटीची (2x लिहिलेली) लेन्स निवडा आणि मागे सरका.

आता फोटोग्राफर कसा ओळखायचा. त्याच्या पानावर मॉडेल बघू नका. सुंदर माणसाचा सुंदर फोटो कुणीही काढतो. तुमच्या वयाची, चष्मा लावणारी, सावळी, थोडी जाड, कॅमेऱ्यासमोर अवघडणारी साधी माणसं शोधा. ती कशी दिसताहेत? एकेकाच्या डोळ्यांत बघा. बुबुळात प्रकाशाचा लहानसा ठिपका असेल तर डोळे जिवंत वाटतात. कातडीवर छिद्रं, बारीक सुरकुत्या दिसतात का बघा. नुसता गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर तो फोटो संगणकावर घासलेला आहे. आणि दहा माणसांचं एकच हसू, एकच मान वळवणं, एकच पार्श्वभूमी असेल तर पुढे चला. तो माणूस बघत नाहीये, साचा भरतोय.

मग फोन करा. चांगला फोटोग्राफर आधी विचारतो, "फोटो कुठे वापरणार?" लिंक्डइनवर चेहरा गोलात येतो, तिथे डोक्याभोवती मोकळी जागा लागते. पत्रिकेवर उभा लागतो. फ्लेक्सवर कधी उजवीकडे बघणारा तर कधी डावीकडे बघणारा, कारण मजकूर कुठल्या बाजूला येईल सांगता येत नाही. हे न विचारता कुणी थेट "किती कॉपी?" म्हणाला, तर त्याच्याकडे पासपोर्टचे फोटो काढावेत.

वेळ किती देणार हेही विचारा. पहिली दहा मिनिटं कुणाचाच चेहरा मोकळा नसतो. खांदे कानाशी गेलेले असतात, हनुवटी मागे ओढलेली असते आणि ओठांवर जुळवून आणलेलं हसू. मी तेव्हाही क्लिक करत राहतो, पण ते फोटो ठेवायचे नसतात. माणसाला बोलतं करतो. भातलावणी झाली का, मुलगा काय शिकतो, तुमच्या कामात सगळ्यात डोकं कशाने उठतं! शेवटच्या प्रश्नावर माणूस हटकून खरा होतो. बोलणं थांबतं आणि तो श्वास सोडतो, तेवढ्यात फोटो. श्वास सोडताना खांदे आपोआप उतरतात. मग कपाळ किंचित पुढे आणि हनुवटी जराशी खाली एवढंच सांगायचं. स्वतःला विचित्र वाटतं, पण गळ्याची रेघ स्वच्छ येते. पाच मिनिटांत आटपणाऱ्याकडे हे होत नाही.

दर गावागणिक वेगळे, म्हणून आकडा सांगत नाही. पण पैशांत काय काय येतं ते आधी लिहून घ्या: निवडलेले, सुधारलेले फोटो किती, मोठ्या आकाराच्या फाईल मिळणार का, आणि पसंत पडले नाहीत तर पुन्हा काढणार का. लग्नसराईत जाऊ नका, आमचं मन थाऱ्यावर नसतं. पितृपक्षात जा. मुहूर्त नसतात, फोटोग्राफर निवांत असतो आणि वेळ देतो.

अवखळ

आमच्या तालुक्याच्या गावी एकच स्टुडिओ होता आणि तिथे कुणीही गेलं तरी हनुवटीखाली हात ठेवूनच फोटो निघायचा. गावातले सगळे शिक्षक कवी दिसायचे.

सदाफुली

अवखळ 😄 आणि मागे धबधबा!

रानजाई

छायाप्रकाशदादांनी कातडीचा विषय काढला म्हणून लिहिते. माझी मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची सरपंच होती. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, लहानपणी जत्रेत गोंदलेलं, हिरवट झालेलं. तालुक्याला सत्कार ठरला तेव्हा आयोजकांनीच एका स्टुडिओत नेऊन तिचा फोटो काढला. फ्लेक्स लागला. आम्ही सगळे बघायला गेलो तर मावशी गोरीपान. गोंदण पुसलेलं, डोळ्यांखालच्या रेषा पुसलेल्या, गळ्यातली काळी पोतसुद्धा उजळलेली. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कुठल्या गावची?"

स्टुडिओवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, चांगलं करून दिलंय, ह्याचे वेगळे पैसे पण नाही घेतले." त्याला खरंच वाटत होतं की त्याने उपकार केलाय. मला अजून राग येतो. उन्हातान्हात पाणंद रस्ता करून घेतलेल्या बाईचा सत्कार, आणि त्या सत्काराच्या फलकावर तीच नाही.

म्हणून मेधाताई, फोटोग्राफरला हा प्रश्न पहिला विचारा: तुम्ही न सांगता रंग उजळता का?

छायाप्रकाश

रानजाई, हे वाचून वाईट वाटलं, आणि हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं हेही खरं. बरेच स्टुडिओ फाईल उघडली की आधी रंग उजळतात, मग बाकीचं बघतात. गिऱ्हाईक मागतं म्हणून करतो, असं सांगतात. पण न मागणाऱ्यालाही देतात.

माझा नियम सांगतो. पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट, म्हणजे मुरूम, खरचटणं, रात्रीच्या जागरणाची सूज, ही मी काढतो. कायमची गोष्ट, म्हणजे तीळ, व्रण, गोंदण, सुरकुती, विचारल्याशिवाय हलवत नाही. आणि रंग तर नाहीच. सावळ्या कातडीला उजळपणा लागत नाही, नीट प्रकाश लागतो. बाजूने मोठा, मऊ प्रकाश टाकला की गालाच्या हाडावर सुंदर चमक येते. समोरून थेट फ्लॅश मारला की तोच चेहरा सपाट आणि राखट दिसतो, आणि मग तो "सुधारायला" घेतात. बिघाड प्रकाशात असतो, माणसात नाही.

कोकणकडा

रानजाई, तुमच्या मावशींना नमस्कार सांगा. माझा मुद्दा हाच होता. फोटो महत्त्वाचा म्हटला की लगेच "चांगला दिसणारा" महत्त्वाचा होतो.

मनतरंग

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून यात थोडी भर. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी लोक "विश्वासू वाटतो की नाही" हे ठरवून मोकळे होतात, आणि जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, फक्त त्याबद्दलची खात्री वाढते.

दुसरं संशोधन मेधाताईंच्या थेट उपयोगाचं. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लोकांना स्वतःच्या फोटोंतून प्रोफाइलसाठी फोटो निवडायला सांगितलं आणि अनोळखी माणसांनाही त्याच फोटोंतून निवडायला लावलं. अनोळखी माणसांनी निवडलेले फोटो इतरांवर जास्त चांगली छाप पाडत होते. आपला फोटो आपल्यालाच नीट निवडता येत नाही!

याचं एक कारण आरसा असू शकतं. आपल्याला आरशातल्या, उलट्या चेहऱ्याची सवय असते. १९७७ मधल्या एका प्रयोगात मुलींना स्वतःचा आरशासारखा उलटा केलेला फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ फोटो. "मी फोटोत वेगळीच दिसते" म्हणणाऱ्या बहुतेकांचं हेच असतं.

कोकणकडा

मनतरंग, सेकंदाच्या दहाव्या भागात माणसाचा विश्वासूपणा ठरत असेल, तर ते मत चुकीचंही असणार ना? मग त्या चुकीच्या मतासाठी आपण पैसे का घालवायचे?

मनतरंग

चुकीचं असू शकतं, अगदी. ते झटपट होतं एवढंच प्रयोग सांगतो, बरोबर असतं असं टोडोरोव्हही म्हणत नाहीत. त्याच माणसाचे दोन फोटो पाहून लोक दोन वेगळी मतं बनवतात. पण त्यामुळेच तर निष्काळजी फोटोने चांगल्या माणसाचं नुकसान होतं. अंधारात, कपाळाला आठ्या असताना टिपलेला मेधाताईंचा फोटो त्यांच्याबद्दल खोटं बोलतो. नीट काढलेला फोटो निदान ते खोटं काढून टाकतो.

कोकणकडा

हे पटलं. अर्जावरच्या फोटोला विरोध कायम, फ्लेक्सवरच्या फोटोला पाठिंबा.

नाटकवेडा

अभिनय करणाऱ्यांसाठी थोडं. वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनसाठी फिरणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतोच की "आधी आमच्या फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घे, मग काम देतो." कामाच्या बदल्यात पोर्टफोलिओचे पैसे मागणाऱ्याकडून उठून यायचं, कितीही मोठी नावं घेऊ दे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

कास्टिंगवाल्यांना भरजरी फोटो नकोच असतात. साधा टी-शर्ट, मोकळा चेहरा, समोरून एक, बाजूने एक, पूर्ण उंचीचा एक. दाढी काढली की नवे फोटो. फोटोतला माणूस आणि दारातून आत आलेला माणूस एकच हवा, यावर ते अडून बसतात. अमेरिकेत नटांचा फोटो आठ बाय दहा इंचांचा आणि त्याच्या मागे कामांची यादी, अशी पद्धत पक्की आहे. आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर.

जुनी_पाने

विषयांतर करतो. कामापुरता, खिशात मावेल असा फोटो ही कल्पना १८५४ सालची. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने भेटीच्या कार्डाच्या आकाराच्या फोटोचं पेटंट घेतलं. एकाच काचेच्या निगेटिव्हवर अनेक छबी घेतल्यामुळे फोटो स्वस्त झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही डॉक्टरकी सांभाळून फोटो काढत. पुढे इंदूर आणि हैदराबाद गाजवलेल्या राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. तेव्हा फोटोसाठी मुद्दाम बसायची रीत आपल्याकडे चांगलीच मुरलेली आहे. मेधाताईंच्या घरच्यांना सांगा.

पिंपळपान

आता एआयवर चार सेल्फी टाकले की सूट घातलेले शंभर फोटो मिळतात. स्वस्तात मस्त. हा पर्याय कुणीच का सुचवला नाही?

विदर्भकन्या

पिंपळपान, आमच्या कार्यालयात एकाने लावलाय. जबडा अरुंद, दात एकसारखे, कान दुसऱ्याच कुणाचे. व्हिडिओ कॉलवर तो आला तेव्हा नव्या सहकारी त्याला ओळखेनात. नोकरीतल्या माणसाचं एक वेळ निभावेल. पैशांबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंचा चेहराच बनवलेला निघाला तर?

रानजाई

आणि ते ॲपही उजळवतंच. मी करून पाहिलं, न विचारता दोन छटा गोरी केली.

कलम_कसाई

वकील आहे, एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. फोटो कुणाच्या मालकीचा? आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. म्हणजे मेधाताईंनी पैसे दिले तर मालकी मेधाताईंची. पण "वेगळा करार नसेल तर" हे शब्द लक्षात ठेवा. काही स्टुडिओ बुकिंगच्या फॉर्मवर बारीक अक्षरात हक्क स्वतःकडे ठेवतात. सही करण्याआधी वाचा. आपला फोटो त्यांच्या जाहिरातीत, इन्स्टाग्रामवर वापरायची परवानगी द्यायची की नाही तेही तिथेच ठरवा. आणि कंपनीने पैसे देऊन काढून घेतला असेल तर मालकी कंपनीची. नोकरी सोडल्यावर तो वापरायचा असेल तर विचारून ठेवलेलं बरं.

खाडीपलीकडे

अमेरिकेतून, सॅन होजेहून. इथे बरोब्बर उलटं आहे. पैसे आपण दिले तरी हक्क सहसा फोटोग्राफरचाच, आपल्याला मिळतो तो वापराचा परवाना. इथल्या मराठी मंडळींनी परवान्यात छापील वापर, वेबसाईट, पुस्तकाचं मलपृष्ठ हे सगळं येतं का ते बघून घ्यावं. माझ्या पुस्तकाच्या वेळी मलपृष्ठासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागली होती.

मेधा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमच्या मावशींची गोष्ट घरी वाचून दाखवली. त्यानंतर "वायफळ खर्च" कुणी म्हणालं नाही.

छायाप्रकाशदादांनी सांगितलं तसं तीन ठिकाणी फोन केले. एकाने "आ जाओ मॅडम, दस मिनिट" म्हणून फोन ठेवला. दुसरा बोलायला चांगला, पण पानावर सगळे एकाच निळ्या पडद्यापुढे, एकाच कोनात. तिसरी एक मुलगी आहे, सिडको भागात घराच्या वरच्या मजल्यावर काम करते. तिने फोटो कुठे वापरणार, चष्मा कायम लावता का, बोलताना उभ्या असता की बसलेल्या, एवढं सगळं विचारलं. तिच्या पानावर एका भाजीवाल्या आजींचा फोटो आहे, शेतकरी कंपनीच्या अहवालासाठी काढलेला. आजींच्या हनुवटीवरचं गोंदण स्वच्छ दिसतंय. तिथेच ठरवलं.

आता दोनच शंका. चष्म्यावर प्रकाश चमकतो त्याचं काय करायचं? आणि साडी कुठली नेसू? आणि हो, निवड कोण करणार, ते मनतरंग यांच्या म्हणण्याप्रमाणे बाहेरच्यांवर सोपवते. गटातल्या चौघी-पाचजणींना दाखवेन.

मनतरंग

उत्तम. त्यांना "मी कशात छान दिसते?" असं विचारू नका. "यातल्या कुणाला तुम्ही पैशांबद्दल विचाराल?" असं विचारा.

सदाफुली

साडी सुती किंवा माहेश्वरी, एकरंगी, बारीक काठाची. पैठणी नको, काठच फोटो खाऊन टाकतो. बारीक चौकड्याही नकोत, स्क्रीनवर लहरी उठतात. पदर पिनअप करा आणि खांद्यावरची पिन झाकली आहे ना ते बघून घ्या.

छायाप्रकाश

चष्मा काढू नका. रोज लावता तर फोटोतही हवा. दिवा थोडा वर घेतला आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून ठेवल्या की काचेचा कोन बदलतो आणि चमक जाते. ती मुलगी जाणती दिसतेय, तिला माहीत असेल. रंग बदलणाऱ्या काचा असतील तर मात्र जुना साध्या काचेचा चष्मा न्या. खिडकीच्या उन्हात त्या काचा काळ्या पडतात. खिडकीचा प्रकाश घेणार असेल तर ट्यूबलाइट बंद करायला सांगा, दोन्ही मिसळले की कातडी हिरवट दिसते.

फाईल दोन आकारांत मागा. एक मोठी, जशी निघाली तशी, छपाईसाठी. एक लहान चौकोनी, लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल लागतात. पेपरात दोन इंच रुंद छापायचा तर ६०० पिक्सेल रुंदी पुरते, कारण छपाई इंचाला ३०० ठिपक्यांवर होते. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला एवढी बारीकी लागत नाही, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फ्लेक्सवर चेहरा फुटतो. मोठी फाईल नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाईलला तुमचं नाव आणि वर्ष द्या, म्हणजे आयोजक पाच वर्षांपूर्वीचा फोटो उचलणार नाहीत.

मेधा_नाशिक

काचा रंग बदलणाऱ्याच आहेत! बरं झालं विचारलं. जुना चष्मा शोधून ठेवते.